सीडी : माप तेच, माल निराळा

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न हे गाव भारतीय कापड-व्यापाराच्या इतिहासात अपरिचित नाही. एकेकाळी तेथील मागांवर भारतीय बाजारासाठी धोतरांचे कापड विणले जात असे आणि जहाजांनी ते मुंबई-कलकत्त्यास येऊन उतरत असे. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि त्याच गावात फिलिप्स व ड्यूपाँट या दोन कंपन्यांच्या भागीदारीत संगीताच्या सीडी तयार करणारा कारखाना उभा राहिला. १९८८ ते १९९३ या काळात तेथून बाहेर पडलेल्या पुष्कळ चकत्यांना काही वर्षांनी एक विचित्र रोग जडला. चंदेरी चकती कडेकडून तांबूस होऊ लागली, आणि तो तांबूसपणा हळूहळू मध्याकडे सरकू लागला. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटची गाणी आधी बिघडत. प्रथम बारीक टकटक, मग खरखर, आणि अखेरीस यंत्र चकती ओळखेनासेच होई.

कारण शोधले तेव्हा ते कोणाही सराफाला चटकन उमगावे असे निघाले. या चकत्यांवर चांदीचा मुलामा होता. त्यावरील संरक्षक लेप सोबतच्या माहितीपुस्तिकेच्या कागदातील गंधकाला अडवू शकत नव्हता. घरातील चांदीची भांडी ज्या कारणाने काळवंडतात, त्याच कारणाने संगीतही काळवंडले. कारखान्याने दोष मान्य केला आणि पुढे अनेक वर्षे परत आलेली चकती घेऊन नवी देण्याची व्यवस्था चालू ठेवली. माल सदोष निघणे हा व्यापारात गुन्हा नव्हे. तो परत घेण्याची तयारी ठेवणे ही पेढीची पत. सीडीच्या पुढील इतिहासात अशी तयारी फार क्वचित दिसते, म्हणून ब्लॅकबर्नचा हा अध्याय आधी सांगावासा वाटतो.

आज संगीताच्या सीडींविषयी ज्या तक्रारी ऐकू येतात त्या दोन जातींच्या आहेत. एक तक्रार चकतीच्या देहाविषयी आहे, दुसरी तिच्यात भरलेल्या नादाविषयी. या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे ग्राहक भलत्याच गोष्टीवर पैसा खर्च करतो आणि ज्याचे खरे नुकसान झाले आहे त्याकडे त्याचे लक्षही जात नाही.

प्रथम देहाची गोष्ट. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये सीडीचे प्रमाण निश्चित केले. व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, दोन्ही वाहिन्यांसाठी दर सेकंदाला ४४,१०० नोंदी आणि प्रत्येक नोंदीला १६ बिट, म्हणजे आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या. १७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीतील हानोव्हरजवळच्या लांगनहागन येथील कारखान्यात व्यापारी उत्पादनास प्रारंभ झाला. क्लाउडिओ अराउ यांनी पियानोवर वाजवलेल्या शोपँच्या वॉल्ट्झ-रचना आणि ॲबा या स्वीडिश गायकवृंदाचा ‘द व्हिजिटर्स’ या तेथून निघालेल्या पहिल्या चकत्यांपैकी होत. ऑक्टोबरमध्ये जपानात सोनीचा पहिला वादक बाजारात आला. त्याची किंमत १,६८,००० येन होती. त्या दिवसापासून आजपर्यंत हे प्रमाण जसेच्या तसे आहे. मापात एका बिटाचाही फरक झालेला नाही, आणि तरीही माल बदलला आहे.

सीडी कशी घडते हे पाहिले तर काटकसर कोठे शिरते ते कळते. काचेच्या सपाट पट्टीवर प्रकाशाला संवेदनशील लेप देऊन त्यावर लेसरने सूक्ष्म खुणा उमटवतात. त्यावर निकेल चढवून धातूचा ठसा तयार करतात. हा ठसा साच्यात बसवून वितळलेले पॉलिकार्बोनेट त्यात दाबाने सोडले की पारदर्शक चकती तयार होते. तिच्या एका अंगावर अतिसूक्ष्म खळग्यांची नागमोडी नव्हे, तर अखंड सर्पिल रेघ असते; तिच्या दोन वेढ्यांतील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून किंचित अधिक. मग खळग्यांच्या अंगावर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ मुलामा, त्यावर पारदर्शक लेप, तो अतिनील किरणांनी वाळवणे, आणि वर छपाई.

यातील प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे खर्च. आरंभीच्या काळात एक चकती साच्यात घडून थंड होण्यास दहा सेकंदांहून अधिक लागत. पुढे हा अवधी चार सेकंदांच्या आसपास आला. प्लास्टिक पुरते निवण्याआधी साच्याबाहेर काढले तर चकतीला सूक्ष्म बाक येतो आणि आतील ताण तसाच राहतो. मुलामा पातळ केला तर चकती उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी छिद्रे दिसतात. लेप कडेपर्यंत नीट पोहोचला नाही तर दमट हवा तेथूनच आत शिरते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दमट हवेला निमंत्रण लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे उपयोगाचे ठरेल. बहुतेक घरांत सीडीची चकाकणारी बाजू जपली जाते आणि छापील बाजू बिनधास्त टेबलावर उपडी टेकवली जाते. वस्तुतः चकाकणाऱ्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिकचे चिलखत असते. छापील बाजूला मात्र मुलाम्यावर केसाहूनही पातळ लेप, एवढेच. तेथे बॉलपेनने नाव घातले, चिकटपट्टी लावून ओढली, की मुलामाच निघून येतो. चकाकणाऱ्या बाजूवरचा ओरखडा पुष्कळदा पॉलिशने घालवता येतो. मुलाम्याला पडलेले छिद्र कोणीही बुजवू शकत नाही.

मालाच्या नावाखाली निराळा माल देण्याचा प्रकारही याच सुमारास वाढला. सीडीच्या डबीवर जे ‘कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ’ असे बोधचिन्ह असे, ते सोन्यावरील हॉलमार्कसारखे होते. नक्कल होऊ नये म्हणून २००२ च्या सुमारास काही कंपन्यांनी चकतीत मुद्दाम दोष पेरण्यास सुरुवात केली, तेव्हा फिलिप्सने स्पष्ट सांगितले की अशी चकती प्रमाणाप्रमाणे सीडी नव्हे आणि तिच्यावर हे चिन्ह छापता येणार नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घालताच ग्राहकाच्या नकळत एक लपलेली प्रणाली आत बसते असे उघडकीस आले, आणि लक्षावधी चकत्या बाजारातून परत बोलवाव्या लागल्या. ज्या दोन कंपन्यांनी हे प्रमाण घडवले, त्यांपैकी एकीच्याच संगीतशाखेकडून हे व्हावे, हा योगायोग बोलका आहे.

आपल्याकडे फसगत अधिक साधी होती. शंभर-शंभर जुन्या गाण्यांची ‘एमपी३ सीडी’ स्वस्तात मिळू लागली. चकती तीच, डबी तीच, पण आतील नोंद सीडीची नव्हे. सीडीत दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. १२८ किलोबिटांच्या एमपी३ मध्ये तिचा अकरावा भाग उरतो. गाडीत ऐकण्यास ती पुरेशी होती हे मान्य. परंतु अनेक कुटुंबांनी ती घेतल्यावर जुनी चांगली सीडी देऊन टाकली, आणि हा व्यवहार तोट्याचा होता. परदेशांतही अर्काइव्हम्युझिकसारख्या विक्रेत्याने दुर्मिळ शास्त्रीय संगीत मागणीनुसार रिकाम्या चकतीवर उतरवून देण्याची सोय काढली. अशा चकतीत ठशाने उमटवलेले खळगे नसतात. लेसरने भाजलेले रंगद्रव्य असते. त्यामुळे दुर्मिळ रचना हाती आल्या हा लाभ खरा, पण रंग उन्हात, उष्णतेत विटतो.

एवढे वाचून कोणाचाही समज होईल की चकती हलकी झाली म्हणून आवाज बिघडला. तसे नाही. सीडीच्या नोंदीत चुकीची दुरुस्ती करणारे गणित पेरलेले असते. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा मजकूर सलग नष्ट झाला तरी यंत्र तो शेजारच्या नोंदींवरून बिनचूक भरून काढते. दक्ष मुनीमाने खतावणीचे फाटलेले पान रोजकीर्दीवरून पुन्हा लिहून काढावे, तसेच हे. जोवर ही दुरुस्ती साधते तोवर उत्तम कारखान्यातील चकती आणि हलक्या कारखान्यातील चकती यांतून निघणारे आकडे एकच असतात. हलकी चकती लवकर मरते, पण जिवंत आहे तोवर बेसूर गात नाही. म्हणूनच १९९० च्या सुमारास परदेशी शौकिनांनी चकतीच्या कडा हिरव्या शाईने रंगवण्याचा जो नाद धरला होता, तो व्यर्थ होता. जपानात २००८ पासून अधिक पारदर्शक प्लास्टिकच्या महाग चकत्या मिळतात. त्यांचे प्लास्टिक चांगले असेलही, पण आकडे तेच असतील तर जास्तीचे पैसे प्लास्टिकचेच होत.

आवाज बिघडला तो कारखान्यात चकती येण्याच्या आधी, मास्टरिंगच्या खोलीत. आणि तो चुकून बिघडला नाही, ठरवून बिघडवला गेला.

सीडीत आवाजाला एक कमाल मर्यादा असते. १६ बिटांत बसणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येच्या पलीकडे संख्याच नाही. जुन्या काळ्या तबकडीवर आवाज वाढवला, विशेषतः खर्ज वाढवला, की खाच रुंद होई आणि एका बाजूवर मावणारा वेळ घटे. त्यामुळे लोभाला आपोआप लगाम बसे. सीडीत असा लगाम नव्हता. मनुष्याच्या कानाची एक खोड अशी की तेच गाणे थोडे मोठ्याने वाजले तर प्रथम ते अधिक चांगले वाटते. रेडिओवर, दुकानात, शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे उठून दिसावे यासाठी १९९० च्या दशकात प्रत्येकजण पातळी वाढवू लागला. ओॲसिसचा १९९५ चा ‘(व्हॉट्स द स्टोरी) मॉर्निंग ग्लोरी?’ हा त्या स्पर्धेतील एक टप्पा मानला जातो. वरची मर्यादा हलत नसल्यामुळे उपाय एकच उरला. ढोलाची थाप, झांजेचा झंकार असे जे क्षण स्वभावतःच उंच असतात ते दाबून टाकायचे, आणि मग सगळे संगीत एकत्र वर उचलायचे. परिणामी शांत जागा आणि गाजणारी जागा यांतील अंतर नाहीसे होते. सभेत सर्वांनीच ओरडायला सुरुवात केली की कोणाचेच म्हणणे ऐकू येत नाही. अशी चकती चार गाणी ऐकल्यावर कानाला थकवा आणते. श्रोता आवाज कमी करतो आणि आपल्याला संगीतात गोडी उरली नाही असे समजतो.

२००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकी वाद्यवृंदाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. तीच गाणी त्याच सुमारास ‘गिटार हीरो’ या संगणकीय खेळासाठीही दिली गेली होती, आणि खेळातील गाणी सीडीपेक्षा मोकळी व स्वच्छ आहेत हे श्रोत्यांच्या ध्यानात आले. लहान मुलांच्या खेळण्यात चोख माल आणि पूर्ण किंमत मोजलेल्या सीडीत भेसळ! हजारो चाहत्यांनी सह्या करून नवी प्रत मागितली. मास्टरिंग करणाऱ्या तंत्रज्ञाने कळवले की ध्वनिमुद्रण आपल्याकडे आले तेव्हाच ते दाबलेले होते. नवी चकती काही निघाली नाही. याउलट कॅनडाच्या रश या वृंदाला आपला २००२ चा ‘व्हेपर ट्रेल्स’ दाबून बिघडला हे सलत राहिले आणि २०१३ मध्ये तो संपूर्णपणे नव्याने मिश्रण करून प्रसिद्ध केला. अकरा वर्षांनी का होईना, परत आलेला माल बदलून देणारे हे एक उदाहरण.

हा पाश्चात्त्य दणदणाटी संगीताचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणता येणार नाही. ख्यालगायनाचा सारा डौलच चढउतारावर उभा असतो. तानपुऱ्यांची मंद आस, तीतून अलगद उमटणारा मंद्र सप्तकातील स्वर, आणि पुष्कळ वेळाने तार षड्जावर उघडणारा गळा, यांतील अंतर हीच त्या मैफलीची मिळकत. ते अंतर दाबले तर तानपुरा गायकाच्या बरोबरीने गुणगुणू लागतो आणि तार षड्जाला पोहोचण्यात काही विशेष उरत नाही. जुन्या चित्रपटगीतांच्या बाबतीत आणखी एक अतिरेक घडतो. मूळ तबकडीची खरखर काढण्याच्या भरात तिच्याबरोबर सारंगीची धार, व्यंजनांचा स्पष्टपणा, गायिकेच्या श्वासाची चाहूल हेही खरवडले जाते. अक्षरे शाबूत, पण पान धुतलेले.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की जुनी ती सर्व सोन्यासारखी असे नाही. सीडीच्या पहिल्या काही वर्षांत घाईघाईने, मूळ फितीऐवजी तिच्या नकलेवरून केलेल्या चकत्या पुष्कळ होत्या आणि त्यांतील काही कर्कश होत्या. मूळ फीत शोधून, संयमाने केलेले नवे मास्टरिंग त्यांच्याहून निश्चित सरस असते. म्हणून वेष्टनावरील ‘रीमास्टर्ड’ या शब्दाने हुरळूनही जाऊ नये आणि त्याला घाबरूनही जाऊ नये. दोन प्रती मिळाल्यास त्या सारख्या पातळीवर आणून ऐकाव्यात. ज्या प्रतीत शांत जागा शांत राहतात ती ठेवावी.

गंमत अशी की ज्या लाभासाठी हे सारे केले तो लाभही आता उरलेला नाही. स्पॉटिफाय, यूट्यूब यांसारख्या सेवा प्रत्येक गाण्याची पातळी मोजून ती सारखी करतात. दाबून मोठे केलेले गाणे तेथे आपोआप खाली आणले जाते, आणि दाबल्याची इजा तेवढी शिल्लक राहते.

दरम्यान ग्राहक निघून गेला. अमेरिकेत २००० साली ९४ कोटी २५ लक्ष सीडी दुकानांकडे रवाना झाल्या होत्या; २०२० मध्ये हा आकडा ३ कोटी १६ लक्ष होता, म्हणजे तीस भागांतील एक भाग. २०२२ मध्ये तर संख्येनेही काळ्या तबकड्या सीडीपेक्षा अधिक खपल्या, असे १९८७ नंतर प्रथमच घडले. ही घसरण केवळ दर्जामुळे झाली असे म्हणणे चुकीचे होईल. मोबाइलवर फुकट वा स्वस्तात मिळणारे संगीत हे तिचे मोठे कारण. परंतु सोय आणि दर्जा यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा दर्जाच्या पारड्यात टाकायला सीडीवाल्यांनी फारसे काही शिल्लक ठेवले नव्हते. इंडियानातील टेर होट येथील सोनीचा कारखाना हा अमेरिकेतील पहिला सीडी कारखाना. १९८४ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ने त्याचा शुभारंभ झाला होता. तेथील चकत्यांचे उत्पादन २०१८ मध्ये थांबवण्यात आले. त्याच वर्षी आपल्याकडे मोझर बेअर दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात गेली. रिकाम्या चकत्यांच्या उत्पादनात जगातील अग्रगण्य कंपन्यांत गणली गेलेली ही कंपनी चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना विकून देशभर पोहोचली होती. मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्येच बंद झाले होते. तेथे ग्राहकाला माल ऐकवून मगच विकण्याची रीत होती. दक्षिण कोरियात मात्र २०२३ मध्ये दहा कोटींहून अधिक चकत्या-संच खपले, तेही आतील गायकांच्या छायाचित्रांसाठी. पुष्कळ ग्राहक चकती वाजवतही नाहीत.

अशा स्थितीत घरातील कपाटात पडून असलेल्या सीडींकडे रद्दी म्हणून पाहू नये. १९८० आणि १९९० च्या दशकांतील चकत्यांत मोकळ्या, न दाबलेल्या मास्टरिंगच्या प्रती असण्याचा संभव अधिक, आणि त्या आता पुन्हा निघणार नाहीत. चकत्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून व ओलीपासून दूर, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नव्हे तर कडक डबीत. पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. गोल पुसल्यास ओरखडा रेघेच्या दिशेने जातो आणि दुरुस्तीचे गणित तेथे हरते. संगणकावर नक्कल करताना एमपी३ न करता फ्लॅक या स्वरूपात करावी. त्यात काही गळत नाही आणि जागाही जवळपास निम्मी लागते. एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर दोन हजारांहून अधिक सीडी मावतात. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ ही विनामूल्य प्रणाली आपली नक्कल इतरांनी त्याच सीडीच्या केलेल्या नकलांशी ताडून पाहते, त्यामुळे आकडे बिनचूक उतरले की नाही याचा दाखलाच मिळतो.

या कामात क्रम मात्र उलटा धरावा. बाजारातून आणलेल्या छापील चकत्या आणखी काही वर्षे तग धरतील. घरच्या लग्नातील सनईचौघडा, आजोबांनी सांगितलेली जुन्या पेढीची हकिकत, आजीने म्हटलेली स्तवने, हे सारे ज्या रिकाम्या चकत्यांवर पंधरा-वीस वर्षांपूर्वी उतरवून घेतले, त्यांच्यावर रंगद्रव्याचा थर आहे आणि तो विटत आहे. त्यांची नक्कल ताडून पाहण्यासाठी जगात कोठेही दुसरी प्रत नाही. ती उतरवून झाल्यावर घरातील कोणीतरी आरंभापासून शेवटपर्यंत बसून ऐकावी लागते. नव्या लॅपटॉपमध्ये सीडीचा कप्पा नसतो, परंतु यूएसबीने जोडण्याचा वेगळा वादक अजून बाजारात मिळतो.